इच्छेचे परिमाण

वस्तू स्वतःच्या घरात न बाळगता तिचा मनसोक्त उपभोग घेणाऱ्या मनुष्याला अपरिग्रही म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराला नवा नाही. नवे आहे ते इतकेच की, ज्याचा खल आजवर मठांत, उपाश्रयांत आणि शास्त्रीमंडळींच्या सभांत होत आला, तो प्रश्न आता दूरचित्रवाणीच्या पाठीमागे खोचलेल्या एका बोटभर यंत्राने साध्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात आणून उभा केला आहे. आणि त्या गृहस्थाला तो धर्माचा प्रश्न म्हणून दिसत नाही, यंत्राची एक किरकोळ तक्रार म्हणून दिसतो. पडद्यावर एक ओळ उमटते, साठवणुकीची जागा संपत आल्याचे कळविते, काही ॲप्स काढून टाकावीत असे सुचविते, आणि मनुष्य वैतागून रिमोटचे बटण दाबीत पुढे जातो. त्या ओळीपाशी थोडे थांबावे, ती जे सांगते ते अक्षरशः खरे धरून तिचा माग घ्यावा, असे मला वाटते. कारण परिग्रह म्हणजे नेमके काय, याविषयी पूर्वाचार्यांनी जे सांगून ठेवले आहे, त्याचा इतका स्वच्छ आणि मोजून पाहता येण्याजोगा दाखला मला अन्यत्र आढळलेला नाही.

ज्या घरी चित्रपटांची आवड असे त्या घरी पूर्वी व्हिडिओ कॅसेटींचे आणि पुढे सीडी-डीव्हीडींचे एक कपाट असे. त्यावर धूळ बसे, पावसाळ्यात फितींना बुरशी चढे, शेजारीपाजारी मागून नेत ते परत आणून देत नसत, आणि या सगळ्या उपद्व्यापामुळेच आपल्यापाशी काही आहे याचे भान मालकाला अखंड राहत असे. आजच्या यंत्राने ते कपाट नाहीसे केले. चित्रपट दूरच्या कुठल्याशा संगणकगृहातून काही सेकंदांच्या तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकडा पडद्यावर उमटतो आणि लगेच टाकून दिला जातो. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी आणि त्याहून स्पष्ट अशा फोर-के चित्राला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे अडीच तासांचा एक चित्रपट त्या प्रतीत पाहून होईपर्यंत या यंत्रातून १७ जीबींच्या आसपास ऐवज वाहून गेलेला असतो. आणि यंत्राची स्वतःची कोठी केवढी? २०२० साली आलेल्या ‘क्रोमकास्ट विथ गूगल टीव्ही’ या बहुपरिचित यंत्रात ती ८ जीबींची होती, आणि त्यातील जवळजवळ निम्मी यंत्राच्या अंतर्गत कारभारासाठीच राखलेली असल्यामुळे गृहस्थाच्या हाती सुमारे साडेचार जीबी येत. फायर टीव्ही स्टिकच्या कित्येक आवृत्त्यांचे मापही ८ जीबींचेच. कोठीच्या दुपटीहून अधिक ऐवज एका रात्रीत आला आणि निघून गेला, तरी कोठीत त्यातले चिमूटभरही उरले नाही.

ईशोपनिषदाच्या आरंभीच भोग आणि त्याग यांची जी गाठ घातलेली आहे, तिच्या अर्थनिर्णयात भाष्यकारांच्या पिढ्या झिजल्या. त्या आदर्शाचे बाह्य रूप तरी या यंत्राने साधले आहे असे प्रथमदर्शनी कुणालाही वाटावे, कारण जे भोगले ते भोगण्याच्या क्षणीच येथे सुटलेले असते. मग प्रश्न असा की, ज्या कोठीत चित्रपट राहतच नाहीत ती कोठी भरते कशाने?

याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून द्यावे हे बरे. सेटिंग्ज उघडावीत, ॲप्सच्या यादीत शिरावे, आणि एकेका नावावर रिमोटची चौकट आणून त्याचा तपशील वाचावा. प्रत्येक नावाखाली तीन बाबी स्वतंत्रपणे मांडलेल्या असतात: ॲपचा स्वतःचा आकार, त्याचा डेटा आणि त्याची कॅशे. आमच्या घरच्या यंत्रात ही यादी उघडली तेव्हा तीत विश्वचषकाच्या दिवसांत घेतलेले आणि अंतिम सामन्याच्या रात्रीनंतर कुणीही न उघडलेले एक ॲप होते; पाहुण्या मुलांसाठी घेतलेले दोन खेळ होते; एका मालिकेपुरती वर्गणी भरून घेतलेले, आणि वर्गणीची मुदत सरल्यावरही जागचे न हललेले आणखी एक होते; पहाटेच्या योगासनांसाठी मोठ्या निश्चयाने आणलेले एक होते. यांपैकी एकातही एकही चित्रपट साठविलेला नव्हता. जागा अडविली होती ती प्रथम त्या ॲप्सनीच, म्हणजे केव्हातरी काहीतरी पाहावेसे वाटले तर दार उघडे असावे म्हणून ठेवलेल्या साधनांनी. आणि त्यांच्या खालोखाल कॅशेने. कॅशेत काय असते, तर बव्हंशी चित्रे: ॲप उघडताच ओळींमागून ओळी मांडून समोर येणारी चित्रपटांची आणि मालिकांची लहान लहान पोस्टरे, जी पुढील खेपेस विनाविलंब दिसावीत म्हणून यंत्र जपून ठेवते.

ही पोस्टरे कोणत्या चित्रपटांची असतात याचा विचार करावा. ज्या एका चित्रपटापुढे आपण त्या रात्री बसलो त्याचे पोस्टर त्यांत एकच. बाकीची सगळी, जे आपण पाहिले नाहीत, कदाचित कधीच पाहणार नाही, पण निवड करताना ज्यांच्यावरून दृष्टी घसरत गेली, त्या चित्रपटांची. उपभोगलेल्या वस्तूचा मागमूस राहिला नाही. जिची केवळ इच्छा होऊ शकली असती ती वस्तू मात्र आपली छबी मागे ठेवून गेली, आणि एक नव्हे, शेकडो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, या यंत्राची कोठी भोगाने भरत नाही, इच्छेच्या सामग्रीने भरते. आणि परिग्रहाचा खरा निवास वस्तूत नसून इच्छेत आहे, हे जे जैन आचार्यांनी मोठ्या आग्रहाने प्रतिपादिले, त्याची प्रचीती येथे जीबींच्या हिशेबात मिळते.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना सोने, धान्य, जमीन, पशू यांची गणना केलेली नाही. वस्तूविषयी चित्ताला पडणारी ममत्वाची भूल, जिला ते मूर्च्छा म्हणतात, तेच परिग्रहाचे लक्षण त्यांनी ठरविले. त्यावर सर्वार्थसिद्धी टीका लिहिताना पूज्यपादांनी हा मुद्दा शेवटापर्यंत नेला आहे. मूर्च्छा हाच परिग्रह मानला तर बाहेरच्या वस्तूंना परिग्रह म्हणता येणार नाही, अशी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली; आणि आंतरिक ममत्व हेच प्रधान होय हे मान्य करून, बाह्य वस्तू जवळ नसतानाही ती माझी असा संकल्प करणारा मनुष्य सपरिग्रहच समजावा, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा ज्या काळी दिला गेला त्या काळी वस्तू जवळ नसणे म्हणजे दारिद्र्य किंवा संन्यास असणे, एवढाच त्याचा अर्थ संभवत होता. वस्तू जवळ नाही, तरीही ती कोणत्याही घटकेला हजर होऊ शकते, आणि ती हजर होऊ शकते या जाणिवेनेच मन भरून राहिले आहे, अशी तिसरी अवस्था आज सर्वसामान्य झाली आहे, आणि पूज्यपादांचे सूक्ष्म विवेचन या अवस्थेला अधिकच चपखल लागू पडते.

व्रतांच्या बाजूने पाहू लागले म्हणजे हा विचार अधिक ठोस होतो. उवासगदसाओ या अर्धमागधी अंगग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद नामक गृहपतीची कथा आहे. हा धनाढ्य गृहस्थ महावीरांपाशी श्रावकाची व्रते घेतो, तेव्हा आपल्या परिग्रहाची सीमा जमाबंदीच्या काटेकोरपणाने, बाबवार सांगत जातो: चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजी, चार कोटी घरादाराच्या पसाऱ्यात, प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार कळप, पाचशे नांगर, दूरदेशीच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्या आणि घरच्या कामासाठी पाचशे. आधुनिक वाचकाला येथे विस्मय वाटतो, आणि काहींना रागही येतो, की एवढी संपत्ती राखून घेणाऱ्याने व्रत घेतले तरी कशाचे? परंतु आनंद पुढे ज्या बाबींकडे वळतो त्या वाचल्यावर हा राग टिकू नये. दात घासण्यासाठी ज्येष्ठमधाची ओली काडी, तिच्यावाचून दुसरी काडी नको. वस्त्रांत क्षौमाची एक जोडी. फळांत एका जातीचा आवळा. अंगाला लावायचे तेल, उटणे, स्नानाचे पाणी, काही म्हणून मोकळे सोडलेले नाही. जे आहे ते टाकण्याचा बाणा येथे नाही. जे आज आहे त्यापलीकडे उद्या इच्छा जाऊ नये, याची तजवीज आहे. इच्छा कोट्यवधी सुवर्णाच्या वाटेने जशी येते तशी दातवणाच्या काडीच्या वाटेनेही येते, आणि त्यातही दुसरी वाट अधिक वर्दळीची असते, हे ज्याने ओळखले त्या परंपरेनेच ही यादी मांडावी हे स्वाभाविक होय.

या दृष्टीने पाहता, ८ जीबींची लहान कोठी ही यंत्राची उणीव नसून गृहस्थाला आयती मिळालेली एक सीमा आहे असे म्हणावेसे वाटते. परंतु तसे म्हणणे पुरते खरे होणार नाही. सीमा बाहेरून लादलेली असली म्हणजे तिचे व्रत होत नाही. उपवासाचा संकल्प करणारा आणि घरात धान्य नसल्यामुळे उपाशी राहणारा यांच्या पोटाची स्थिती एकच असली तरी चित्ताची स्थिती एक नसते. यंत्राने जागा नाही म्हणून सांगितल्यावर नाइलाजाने दोन ॲप्स काढणारा मनुष्य त्याच संध्याकाळी तिसरे घेतो, आणि पंधरा दिवसांनी ती ओळ पुन्हा पडद्यावर येते. त्याऐवजी जागा असतानाच ज्याने ठरविले की या घरात अमुक चार ॲप्स राहतील, पाचवे हवे असेल तर चारांतील एक आधी काढावे लागेल, त्याची कोठी निम्मी रिकामी राहते, आणि ती रिकामी राहणे हे त्याच्या निश्चयाचे फळ असते.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाणाचे जे विवेचन आहे, त्यातील दोन भेद मला या संदर्भात फार उपयुक्त वाटतात. एकदा घेऊन संपणारा तो भोग, जसे अन्न. पुनःपुन्हा घेता येणारा तो उपभोग, जसे वस्त्र. आणि व्रताच्याही दोन जाती: यावज्जीव घेतलेला तो यम, ठरावीक मुदतीसाठी घेतलेला तो नियम, मग ती मुदत दिवसाची, पक्षाची, महिन्याची, ऋतूची किंवा अयनाची असो. चित्रपट हा या यंत्रात भोग आहे, ॲप हा उपभोग आहे. आणि कोठीची व्यवस्था ही यमाची नव्हे, नियमाची बाब आहे. महिन्यातून एकदा यादी उघडावी. प्रथम कॅशे रिकामी करावी, कारण त्याने काहीच गमावले जात नाही. ॲप पुढच्या खेपेस क्षणभर सावकाश उघडते, इतकेच. त्यानेही भागले नाही तर ज्यांना महिनाभर कुणी हात लावला नाही अशी ॲप्स काढावीत. ‘क्लिअर डेटा’ या आज्ञेच्या वाटेला मात्र विचारपूर्वक जावे; तिने ॲप जसे नव्याने आणले तसे होते, आपले नाव, परवलीचा शब्द आणि बसविलेल्या साऱ्या सोयी विसरून जाते, आणि त्यात काही चित्रपट वा गाणी उतरवून ठेवली असतील तर तीही जातात. क्रम उलटा करून आधी डेटा पुसणारे आणि मग परवलीचा शब्द आठवीत बसणारे पुष्कळ आहेत. संयमालाही एक कार्यपद्धती लागते, आणि ती ठाऊक नसली तर त्याची परिणती त्राग्यात होते.

आता यंत्र स्वतःच हे काम काही अंशी करू लागले आहे. अँड्रॉइड टीव्हीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ३० दिवस न उघडलेले ॲप आपोआप निद्रिस्त केले जाते आणि त्याची कॅशे रिकामी होते. पतंजलींनी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. त्यांतील पहिल्या अवस्थेचे स्वरूप उलगडताना व्यासभाष्य सांगते की, प्रसुप्त क्लेश नाहीसा झालेला नसतो; तो बीजरूपाने, शक्तिमात्र होऊन, चित्तात असतो, आणि आलंबन समोर येताच जागा होतो. ज्याचे बीजच ज्ञानाने जळून गेले त्याची गोष्ट निराळी. आलंबन कितीही समोर आले तरी त्याला अंकुर फुटत नाही. निद्रिस्त केलेले ॲप प्रसुप्ताचेच उदाहरण होय: जागा कमी अडविते, पण एका बटणाच्या स्पर्शाने पूर्ववत उभे राहते. बरे, ते समूळ काढून टाकले तर? तरीही पूर्वी कोणकोणती ॲप्स घेतली होती याची नोंद आपल्या खात्यावर शाबूत असते, आणि पुन्हा घेताना यंत्र ती आपणहून पुढे करते. फार काय, यंत्राच्या स्मृतीतून पुसलेली अक्षरेदेखील त्या क्षणी पुसली जात नाहीत. त्यांची नोंद तेवढी खारीज होते, आणि प्रत्यक्ष पुसण्याचे काम पुढे सवडीने, गठ्ठ्यागठ्ठ्याने होते. योगाचार पंथाच्या बौद्ध दार्शनिकांनी, असंग आणि वसुबंधू यांनी, प्रत्येक कर्माचे बीज साठवून ठेवणारे जे आलयविज्ञान कल्पिले, त्याची येथे सहज आठवण होते. परंतु ती उपमा फार ताणण्याचे कारण नाही. सांगायचे इतकेच की, यंत्रात दग्धबीज अशी अवस्थाच नाही. ती चित्तातच संभवते, आणि म्हणून यंत्राच्या निद्रेवर विसंबून राहणाऱ्याने आपण काही सोडले असे मानू नये.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, मोठ्या कोठीचे यंत्र घ्यावे म्हणजे हा सारा विचारच मिटेल. २०२४ साली आलेल्या गूगल टीव्ही स्ट्रीमरमध्ये ३२ जीबींची जागा आहे. शिवाय अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून बाहेरचा पेनड्राइव्हही यंत्राच्या अंतर्गत कोठीत सामील करून घेण्याची सोय झालेली आहे, मात्र तसा सामील केलेला पेनड्राइव्ह प्रथम पुसला जातो, त्याच यंत्राशी बांधला जातो आणि दुसरीकडे वाचता येत नाही. जेथे केवळ जागेअभावी यंत्राची अद्ययावत प्रणाली उतरवून घेता येत नाही तेथे या उपायांना माझी मुळीच हरकत नाही. ती खरी गरज आहे, आणि गरजेला इच्छा म्हणून हिणविणे हा वैराग्याचा अतिरेक होय. पण इतरत्र हा उपाय प्रश्नाला फक्त पुढची तारीख देतो.

त्यातच एक तांत्रिक तथ्य ध्यानात घेण्याजोगे आहे. या यंत्रांतील स्मृती ज्या जातीची असते तीत लिहिलेल्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो संपूर्ण गठ्ठा पुसावा लागतो, आणि असे पुसणे-लिहिणे ती मर्यादित वेळाच सोसू शकते. म्हणून तिचा नियंत्रक नवी अक्षरे रिकाम्या ठिकाणी लिहितो, जुनी रद्द ठरवितो, आणि वेळ मिळेल तसे कामाचे तेवढे वेचून दुसरीकडे हलवून जुने गठ्ठे मोकळे करीत राहतो. कोठी काठोकाठ भरली म्हणजे या हालचालीला अवकाश उरत नाही. एक ओळ लिहायची तर चार ठिकाणचा मजकूर हलवावा लागतो, आणि यंत्र अडखळू लागते. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, ही आपली समजूत येथे मुळातूनच चुकीची ठरते. ती जागा कामात असते. किंबहुना, काम तिच्याचमुळे चालते. भरलेल्या मनाच्या मनुष्याला नवा विचार सुचत नाही असे आपण म्हणतो ते एरवी सैल विधान वाटते, पण हा तपशील कळल्यापासून मला ते सैल वाटेनासे झाले आहे.

येथवरच्या विवेचनावर एक जबर आक्षेप आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. माझ्या यंत्राची कोठी रिकामी राहू शकते, कारण दुसऱ्या कुणाची तरी कोठी अफाट भरलेली आहे. मी चित्रपट बाळगीत नाही, कारण दूरवरच्या संगणकगृहांत ते सारे बाळगलेले आहेत, आणि ती गृहे अहोरात्र वीज खात, थंड राखली जात, माझ्या बटणाची वाट पाहत उभी आहेत. मला मिळते ती वहिवाट. मालकी दुसऱ्याची, आणि तीही बहुधा मुदतीच्या कराराची, म्हणून आज यादीत असलेला चित्रपट उद्या नाहीसा झालेला आढळतो. साधूच्या अपरिग्रहालाही श्रावकांच्या धान्यकोठ्यांचा आधार असतो हे खरे आणि त्यात परंपरेला काही वावगे वाटले नाही. पण साधूची गोचरी घरोघरी थोडे थोडे घेऊन कुणावरही भार न टाकण्याची असते, आणि भिक्षा वाढणारी गृहिणी त्याने कोणता घास आवडीने खाल्ला आणि कोणता पानात टाकला याची वही ठेवीत नाही. येथे ती वही ठेवली जाते. मी काय पाहिले, कोठे थांबलो, काय अर्धवट सोडले, कशावर दृष्टी रेंगाळली, हे सारे त्या दूरच्या दप्तरी जमा होते, आणि उद्या माझ्यापुढे कोणती पोस्टरे मांडायची ते त्यावरून ठरते. ज्या इच्छेचे परिमाण मी ठरवू पाहतो तिची मशागत दुसरीकडे चाललेली असते.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहिले; ती पत्रे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. अपरिग्रहावरील पत्रात त्यांनी हे व्रत वस्तूंपुरते न ठेवता विचारांनाही लावले आहे, आणि निरर्थक ज्ञान मेंदूत कोंबणाराही परिग्रहीच असे म्हटले आहे. बाहेरच्या कोठीचे ठिकाण कितीही दूर नेले तरी या मापातून सुटका होत नाही. म्हणून आक्षेप मान्य करूनही माझा निष्कर्ष असा की, कपाट जाऊन संगणकगृह आले याने परिग्रह घटला नाही आणि वाढलाही नाही, त्याचे बाह्य ठिकाण तेवढे बदलले. आणि ज्या अल्पशा जागेवर माझी सत्ता चालते, ती ही चार-साडेचार जीबींची जागा आणि तिच्यामागचे माझे मन, तेथेच मला माझे काम करावे लागणार.

ते काम नेहमी सोपे असते असे नाही. आमच्या यादीत भक्तिसंगीताचे एक ॲप आहे, ते आईने लावून घेतलेले. त्यात तिने काही कीर्तने उतरवून ठेवली होती, कारण नेटवर्क गेले की कीर्तन मध्येच तुटते आणि ते तिला खपत नसे. आई गेल्यावर ते ॲप कुणी उघडले नाही. ज्या नियमाने विश्वचषकाचे ॲप गेले त्याच नियमाने हेही जायला हवे. ३० दिवस केव्हाच उलटून गेले. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात. अ वर्गाचा कागद कायम राखायचा, ब वर्गाचा ३० वर्षे, ड वर्गाचा वर्षभर, आणि मुदत भरताच तो नष्ट करायचा, अशी व्यवस्था आहे. आईच्या कीर्तनांचा वर्ग कोणता? मूर्च्छेचे लक्षण कठोरपणे लावले तर ती ठेवणे ही मूर्च्छाच, कारण ती ऐकण्यासाठी ठेवलेली नाहीत, आईने ठेवली होती म्हणून ठेवलेली आहेत. परंतु योगशास्त्राने स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींत गणून क्लिष्ट आणि अक्लिष्ट असे वृत्तींचे दोन प्रकार सांगितले आहेत. बांधणारी स्मृती असते तशी मोकळे करणारीही असते. ती कीर्तने ठेवण्याचा निर्णय मी घेतला तो या भेदाच्या आधारावर, आणि मग एक दिवस बसून त्यांतील दोन ऐकलीही. इच्छेच्या छब्या आणि माणसाचा ठेवा यांत फरक करता आला नाही तर अपरिग्रह ही नुसती झाडलोट ठरेल.

आणखी एक अडचण उरते. हे यंत्र एकट्याचे नसते. त्याची कोठी सामायिक आहे, व्रत मात्र ज्याचे त्याचे. घरातील एकाने वैराग्याच्या भरात मुलांचे खेळ आणि पत्नीच्या मालिका पुसून टाकाव्यात, आणि जागा मोकळी झाली म्हणून समाधान मानावे, हा अपरिग्रह नव्हे. तो दुसऱ्याच्या वस्तूवर चालविलेला अंमल होय, आणि त्यात ममत्वाची बाधा कमी होण्याऐवजी अधिकाराची बाधा जडते. आमच्या घरी प्रत्येकाची ॲप्स त्यानेच काढावीत असे ठरले आहे. जागा संपल्याची ओळ पडद्यावर आली की ती सर्वांना वाचून दाखवायची, आपले कोणते काढणार ते आपण आधी सांगायचे, आणि मग गप्प राहायचे. कधी मुले आपले एक काढतात, कधी काढीत नाहीत, आणि तो महिना यंत्र जरा रेंगाळत चालते. आनंदाच्या कथेतही हेच आहे. व्रते घेऊन तो घरी परतला तेव्हा पत्नी शिवानंदा हिच्या वतीने त्याने काही स्वीकारलेले नव्हते आणि तिच्यावर काही लादलेही नाही. आपण काय केले ते त्याने तिला सांगितले, तूही जाऊन ऐक आणि व्रते घे असे सुचविले, आणि ती रथ जोडवून स्वतः महावीरांकडे गेली, त्यांचा उपदेश तिने ऐकला, आणि आपली व्रते आपल्या मुखाने घेतली.